राहिलेले दोन दिवस

१

आमच्याकडे जेवणाआधी कावळ्याला घास घालायचं काम माझं. थोडा भात, वर वरण, थेंबभर तूप. मागच्या अंगणाच्या भिंतीवर ठेवायचा आणि लगबगीनं आत यायचं, कारण चुलीवर काहीतरी उतू जातच असायचं. तो घास कावळा खातो, खार खाते की शेजारचं मांजर, हे मी कधी बघितलं नाही.

आमचे हे ग्रीनलंडहून परत आले आणि हे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. मला हसूच आलं. लग्न झाल्यापासून या माणसानं स्वयंपाकघरातली वाटी इकडची तिकडे केली नव्हती.

"काय हो, बर्फात राहून संसार शिकून आलात वाटतं?" मी विचारलं.

"तू पोळ्या कर," म्हणाले. "घास मी घालतो."

घास ठेवला की ते तिथंच उभे राहायचे. कावळा उतरायचा, चोच लावायचा, मग हे आत येऊन पाटावर बसायचे. यात वावगं काय? परदेशी राहून आलेल्या माणसाला घरच्या रीतीभाती जास्तच गोड लागतात, अशी मी मनाची समजूत घातली. पण रोज वाढता वाढता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. कावळ्यानं चोच लावल्याशिवाय हे पाण्याचा घोटसुद्धा घ्यायचे नाहीत.

२

थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर काहीच कळायचं नाही.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. हे, म्हणजे उमाकांत, बेंगळुरातल्या एका संशोधन संस्थेत हवामानाचं काम करायचे. घर मल्लेश्वरमला, भाड्याचं, पुढे व्हरांडा, मागे अंगण. मूलबाळ नाही. सत्तावन्न साली एका परदेशी तुकडीनं यांना ग्रीनलंडला बोलावलं, तिथल्या बर्फाची जाडी मोजायला. सगळ्या गल्लीला कौतुक. चिकपेटेत लोकर घ्यायला गेलो, तर दुकानदार कितीतरी लड्या उलगडून कानडी मिसळून म्हणाला, "स्वल्प थंडी असणार, हे सरी होईल, पुरेल." हे हसून हसून बेजार.

ते गेले आणि पुढच्या हिवाळ्यात तार आली. बर्फाच्या वादळात दोघे बेपत्ता, एक आमचे हे आणि एक येन्स नावाचा डॅनिश पोरगा. शोध थांबवला आहे, आशा नाही.

त्या दिवसाचं मी फारसं बोलत नाही. माझं कुंकू पुसलं, एवढंच सांगते.

धाकटे दीर मधुकर हुबळीहून धावत आले. देह मिळण्याची आशा नव्हती, म्हणून नरसिंहभटजींनी दर्भाचा पुतळा करून मधुभावजींकडून त्याला अग्नी देववला आणि दिवस सुरू केले. रोज तळ्याकाठी पिंड. संध्याकाळी भटजी व्हरांड्यात बसून मला समजावायचे. पिंडानं गेलेल्याला नवा देह मिळतो म्हणे, एकेका दिवशी एकेक अवयव. आधी डोकं, मग कान-डोळे, मग मान आणि हात, असं करत करत दहाव्या दिवशी भूक आणि तहान. देह पुरा झाला की अकराव्या-बाराव्याला त्याला वाडवडिलांत मिळवायचा, मग तो सुटला. मी ऐकायची. डोळ्यांत पाणी नव्हतं, डोक्यात काही शिरत नव्हतं, पण ऐकलेलं विसरले नाही.

दहाव्याला कावळा शिवेना. शेवटी मधुभावजींनी हात जोडून "वहिनींना मी अंतर देणार नाही" म्हटलं, तेव्हा कुठे शिवला. आणि ते सगळे तळ्यावरून घरी येऊन आंघोळ करतात न करतात तो दुसरी तार आली. उमाकांत सापडले. जिवंत आहेत.

घरात काय झालं ते काय सांगू! मधुभावजी ओल्या पंच्यानिशी गल्लीत साखर वाटत सुटले. शेजारच्या भाग्यलक्ष्मीनं स्वतःच्या हातानं माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि गळ्यात पडून रडली. अकरावा कुठला आणि बारावा कुठला! दर्भ केरात गेला, तांब्याची भांडी घासून फळीवर गेली.

३

हे आले ते आगबोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं. बारीक झाले होते, बाकी तसेच. तोच भांग, तीच चष्मा कपाळावर ठेवायची खोड.

दुसऱ्याच दिवशी नरसिंहभटजी आले. ज्याचे दिवस घातले तो परत आला, तर त्याला पुन्हा जन्माला घालावं लागतं असं शास्त्र आहे म्हणाले. तुपाच्या घागरीत बसवायचं, न्हाऊ घालायचं, बारसं, मुंज, आणि मग स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न.

"भटजी," हे म्हणाले, "ग्रीनलंडहून इथवर आलो तो तुपात बसायला?"

मीही हसले. मला नवरा मिळाला होता, मला कसलं शास्त्र! भटजी मात्र हसले नाहीत. "मग ते राहिलंय तसंच राहणार," असं पुटपुटत चपला घालून गेले.

संध्याकाळी व्हरांड्यात शेजारपाजारचे जमायचे आणि हे ग्रीनलंड सांगायचे. केवढा मोठा तो मुलूख, आणि माणसं वसलीयेत फक्त काठाकाठानं, ताटाच्या कडेला मीठ-लोणचं वाढावं तशी. मधे सगळा बर्फ, इतका जाड की त्याच्या भारानं खालची जमीन खोलगट झाली आहे. लाकडी घरं, एक लाल, एक निळं, एक पिवळं, म्हणजे बर्फात लांबून दिसावीत. माणसांपेक्षा कुत्री फार. कॉफी आपल्यासारखीच, आला-गेला प्रत्येकाला. हिवाळ्यात सूर्य नाही, उन्हाळ्यात तो मावळायचं नाव घेत नाही. मेलेल्याला पुरायला जमीन खणता येत नाही, म्हणून वर दगड रचतात.

"नावच मुळी हिरवा देश," हे सांगायचे. "लोकांनी वस्तीला यावं म्हणून एकानं मुद्दाम ठेवलेलं. आलेही लोक. शेती केली, चर्च बांधली, शेकडो वर्षं राहिले. आणि मग नाहीसे झाले. त्यांच्याबद्दल शेवटचं जे कळतं, ते म्हणजे एका चर्चमध्ये लग्न लागलं, इतकंच. पुढे कुणालाच काही ठाऊक नाही."

भाग्यलक्ष्मीनं विचारलं, "मग त्या नवरानवरीचं काय झालं, अण्णा?"

हे माझ्याकडे बघत राहिले.

यांचा हात थंड लागायचा. बर्फासारखा म्हणायचं नाही मला. सकाळी केलेला भात संध्याकाळी हाताला लागतो, तसा. मी म्हणायची, अशक्तपणा आहे. रोज गरम दूध-हळद द्यायची.

४

बर्फात अडकले होते तेव्हाचं ते कधी बोलत नसत. मी विचारलंही नव्हतं. एका रविवारी सकाळी कॉफी पिता पिता आपणहूनच सुरू झाले. मी समोर शेंगा सोलत होते.

"गंमत सांगू? तंबू गाडला गेला, खाणं संपलं, येन्स बोलायचा बंद झाला. मला माझं अंगच जाणवेना. कुठलंच. मी आहे हेसुद्धा मला नुसतं आठवावं लागत होतं."

"नका ना बोलू ते," मी म्हटलं.

"ऐक तर. मग एका दिवशी अचानक डोकं जाणवलं. नुसतं डोकं. दुसऱ्या दिवशी वारा ऐकू यायला लागला, डोळे उघडले. मग खांदे, हात. रोज थोडं थोडं परत येत गेलं. वैद्यकशास्त्रात याला काही नाव असेलच. सगळ्यात शेवटी भूक लागली. इतकी, की मी ओरडलो. तो ओरडा ऐकूनच परत निघालेल्या तुकडीतल्यांनी तंबू उकरला."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. यांना मी दिवसांबद्दल एवढंच सांगितलं होतं की घातले. कुठल्या दिवशी काय, ते भटजींनी फक्त मला सांगितलं होतं.

मी स्वतःला दटावलं. अगं, थिजलेलं माणूस शुद्धीवर येताना असंच येत असेल. डोकं आधी, हातपाय मग. त्यात नवल काय?

"आणि येन्स?" मी विचारलं.

"तो गेलेला होता." यांनी कप खाली ठेवला. "मला बाहेर काढून कुत्र्यांच्या गाडीवर घातलं. कुत्री माझ्यावर भुंकत होती, जवळ येईनात. मी वळून तंबूत पाहिलं. हेमा, आत दोघं निजलेले होते."

"दोघं कसे? तुम्ही दोघंच होतात ना?"

"हो ना," हे म्हणाले, आणि भाजी महाग झाली की बोलावं तशा साध्या आवाजात पुढे म्हणाले, "मलाही अजून ते कळलेलं नाही."

५

त्या पावसाळ्यात एकदा झड लागली ती सुटेचना. कावळा आला नाही. हे मागच्या दारात उभे. ताट वाढून झाकून ठेवलं, ते निवलं, पुन्हा गरम केलं, पुन्हा निवलं.

"अहो, आज नाही यायचा तो. बसा ना जेवायला."

"बसतो. येऊ दे."

दुपार टळली. मी चिडले. वैतागून भाताचा घास स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी तोंड उघडलं, घास घेतला, चावला, गिळला. मग मान खाली घालून म्हणाले, "पोचत नाही गं."

"काय पोचत नाही?"

"जेवलं तरी पोटात पोचत नाही. त्यानं शिवल्याशिवाय."

तेव्हा मी स्वयंपाकघरात येऊन रडले. घाबरून रडले की त्यांची कीव येऊन, मला आजही सांगता येत नाही. बाहेर त्यांच्या पोटाचा आवाज येत होता. पाऊस इतका पडत होता, तरी ऐकू येत होता.

पुढे पुढे शिवलेलंही पुरेना. चार माणसांचं जेवायचे आणि हात धुता धुता भूक लागायची. सदऱ्याच्या बाह्या हँगरवर टांगल्यासारख्या लोंबायला लागल्या. ऑफिसातल्या डॉक्टरनं जंताचं औषध दिलं. नाडी बघताना मात्र त्यानं दोनदा आपलंच घड्याळ कानाला लावलं. मी समोरच बसले होते, मला सगळं दिसत होतं आणि मी छताकडे बघत होते.

त्यानंतर आमच्या गल्लीचा रस्ता रुंद केला. मागचं रेन ट्रीचं मोठं झाड पाडलं आणि कावळे पांगले.

६

"हेमा, राहिलेलं करून टाकू या," हे एके दिवशी म्हणाले.

कसलं राहिलेलं, असं मी विचारलं नाही. मी म्हटलं, "तुपाची घागर आणते. हवं तर हंडा आणते. पुन्हा मुंज करू, पुन्हा लग्न करू. मी तयार आहे. शालू अजून आहे माझा."

ते किती प्रेमानं हसले. "मी आधीच हो म्हणालो असतो तर झालंही असतं कदाचित. आता मला नाही वाटत."

"मला नाही पाठवायचं तुम्हाला."

"मला तरी कुठे जायचंय? पण भूक लागते गं. रात्रंदिवस लागते. तू समोर वाढत असतेस आणि मला रडावंसं वाटतं."

मी भांडले. खूप भांडले. असले तर असू देत कसेही, मला चालतील, मी जन्मभर कावळे शोधत फिरेन, असं सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग पुन्हा त्यांच्या पोटाचा तो आवाज आला. ते शरमले आणि दोन्ही हातांनी पोट दाबून धरलं. त्यांच्या तोंडावरची ती शरम बघितली आणि माझा हट्टच सरला.

नरसिंहभटजींना बोलावलं. त्यांनी ऐकलं आणि उठूनच उभे राहिले. "जिवंत माणसाचं मी करणार नाही, बाई."

"मग हात धरून बघा," हे म्हणाले.

भटजींनी मनगट धरलं. धरून ठेवलं. मग ते अंगणात गेले, नळाखाली हात धुतले, पुन्हा धुतले, आणि परत येऊन माझ्याकडे न बघता विचारलं, "धाकट्यांना कधी बोलावता?"

मधुभावजी आले, त्यांना सगळं ऐकवलं, तर त्यांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. "दादा, मला हे सांगू नकोस. दुसरं काहीही सांग."

"सुरुवात तू केलीस ना, मध्या? मग शेवट दुसऱ्या कुणाच्या हातून नको," हे म्हणाले. लहानपणी पाढे म्हणवून घेताना बोलत असतील, तसंच बोलले.

७

अकराव्याचं एका दिवशी झालं. यांना त्या दिवशी गाढ झोप लागली. कितीतरी महिन्यांत लागली नव्हती.

बाराव्याचं दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मागच्या अंगणात. भटजी, मधुभावजी, केळीच्या पानावर भाताचे पिंड. तीन गोल, वडील, आजोबा, पणजोबांचे, आणि एक लांबट. हे मधल्या खोलीत वेताच्या खुर्चीत बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर. एकीकडे अंगण दिसत होतं, एकीकडे हे.

"तू तिथंच बस," ते म्हणाले. "आपण बोलत राहू."

"काय बोलायचं?"

"ग्रीनलंडचं सांगतो. एक सांगायचं राहिलंय." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तिथे एक रीत आहे. गावात कोणी गेलं, की त्यानंतर जे मूल जन्माला येईल त्याला गेलेल्याचं नाव ठेवतात. नुसतं नाव नाही. ते माणूसच परत आलं असं धरतात. गेलेल्याची बायको त्या पाळण्यातल्या पोराला नवरा म्हणून हाक मारते. त्याच्या आवडीचं करून खाऊ घालते."

"बरं आहे की," मी म्हटलं. "पाळण्यातल्याला अहो म्हणायचं."

ते हसले. मीही हसले. अंगणात भटजींचे मंत्र चालू होते.

"मी किनाऱ्यावर आलो ना," ते सांगत होते, "तेव्हा बोट येईपर्यंत एका घरात राहिलो. लाल रंगाचं घर. घरातल्या बाईला नुकतंच मूल झालं होतं. आम्ही सापडत नव्हतो त्याच दिवसांत झालेलं. मुलगा. मी दारात उभा राहिलो, तशी ती बाई मला बघून दचकली. मग काय वाटलं तिला कोण जाणे, आत गेली, पोराला उचलून घेऊन आली आणि माझ्यापुढे धरून म्हणाली, याचं नाव..."

अंगणात भटजी म्हणाले, "आता तो लांब पिंड कापा." मधुभावजींच्या हातातून दर्भ गळून पडला. मी तिकडे पाहिलं. भटजी हळूच म्हणाले, "उचला. उचला, बाळ." त्यांनी उचलला, पिंडाचे तीन भाग केले आणि तीन पिंडांत मिसळले. भात तो, भातात मिसळून गेला. कुठला कोणाचा, काही कळेना.

भिंतीवर कावळे होते. झाड पाडल्यापासून एकही दिसला नव्हता, आणि आता भिंत भरून बसले होते. एकही ओरडत नव्हता.

मी वळून म्हटलं, "काय हो नाव?"

खुर्चीत चष्मा होता. सदऱ्याची घडी होती, नुकत्या इस्त्रीतून आल्यासारखी, बटणं लावलेली. पुढच्या दाराची कडी आतून लागलेली होती. मी घरभर हिंडून पाहिलं, न्हाणीघरात पाहिलं. मग पुन्हा येऊन त्या खुर्चीला विचारलं, "नाव काय म्हणाली ती?"

८

लोक म्हणतात, नवरा पुन्हा त्या बर्फात गेला, तिथंच कोणीतरी असेल. म्हणोत. पोलिसांत नोंद आहे, बेपत्ता म्हणून. मी कुंकू लावते. काढू तरी कशी, आणि कोणाला काय सांगून? हळदीकुंकवाला भाग्यलक्ष्मी मला पहिली बोलावते आणि मी जाते. मधुभावजी दर दिवाळीला येतात आणि त्या मधल्या खोलीत पाऊल घालत नाहीत.

यांना भूक लागत नसेल आता, एवढं समाधान आहे. मोठं समाधान आहे, नाही असं नाही. तरी मला ते इथं हवे होते. थंड हाताचे, चार ताटं जेवून उपाशी राहणारे, तसेच हवे होते. मी असं कोणाला बोलून दाखवत नाही.

पत्र घालावं असं कितीदा मनात आलं. पण कुठल्या गावाला घालू? गावाचं नाव त्यांनी सांगितलं असेल, आम्हीच नीट ऐकलं नाही. तिथला किनारा केवढा, आणि लाल घरं किती असतील. बरं, त्या पोराला येन्सचंही नाव ठेवलं असेल, तोही त्यांच्या ओळखीचाच होता. तसंच असेल, असं मी स्वतःला सांगते. पण मग ती बाई यांना बघून दचकली का असेल?

आता तो मुलगा नऊ वर्षांचा असेल. कुत्र्यांच्या गाडीमागे धावत असेल, आई जेवायला बोलवत असेल. मी नाव ऐकलं नाही. तेवढ्यात अंगणाकडे पाहिलं नसतं तर ऐकलं असतं, आणि मग इथून का होईना, एखादी हाक मारली असती.